‘मधुमेह नसता तर’ या प्रश्नापाशी अडलेल्या आजी

ज्येष्ठ मधुमेहींचं जीवनमान सुधारलं, अशी बातमी दिसली की मी आधी शोधतो ते हे, की प्रश्नावली कोणती होती आणि ती भरणाऱ्यांना प्रश्न कळले होते का.

समजा, बरीच वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या एक आजी फॉर्म भरताहेत. प्रश्न येतो : ‘मला मधुमेह नसता, तर माझा प्रवास...’ पुढे पर्याय : खूपच सोपा, बराच सोपा, थोडा सोपा, आहे तसाच, आणखी अवघड. आजी म्हणतात, ‘‘पण मला आहे ना मधुमेह!’’ आणि ‘आहे तसाच’वर खूण करतात.

‘एडीडीक्यूओएल’ ही मधुमेहींसाठीची प्रश्नावली याच धर्तीची आहे. तिच्यात परिणामाला उणे ३ ते अधिक १ गुण, त्या गोष्टीच्या महत्त्वाला ० ते ३ आणि मग दोन्हींचा गुणाकार. आजींना प्रवास जिवापाड प्रिय, म्हणून महत्त्व ३. प्रश्न नीट कळला असता, तर त्यांनी ‘खूपच सोपा’ निवडलं असतं आणि उणे ३ गुणिले ३, म्हणजे उणे ९ आले असते. आता ‘आहे तसाच’चे ० गुणिले ३, म्हणजे शून्य. अर्थ काय निघाला? मधुमेहाचा आजींच्या प्रवासावर काहीच परिणाम नाही! फॉर्म पूर्ण भरलेला, एकही रकाना रिकामा नाही, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील, तर सरासरीत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. इथे मात्र सगळ्या शून्याकडेच झुकतात. अशी हजार माणसं घेतली तरी हा कल तसाच राहतो. उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास तेवढा वाढतो.

असे प्रश्न कळायला आरोग्य साक्षरता लागते, आणि ती म्हणजे नुसतं लिहिता-वाचता येणं नव्हे. आरोग्याची माहिती समजून घेणं आणि ती स्वतःला लावून पाहणं, हे त्यात येतं. शिकलेला माणूसही इथे अडखळतो. वयामुळे नजर आणि स्मरणशक्ती मंदावली असेल, तर ‘गेल्या चार आठवड्यांत’सारखे शब्दही निसटतात. ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणणाऱ्या जाहिराती तर समाधानी रुग्णांच्या उत्तरांनाच पुरावा मानतात. त्यांच्यापासून लांबच राहावं.

प्रश्न वाचून दाखवला तर अक्षरांची अडचण सुटते, पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून ‘छान आहे’ म्हणण्याचा मोह वाढतो. त्यापेक्षा प्रश्नच सरळ करावा : ‘मधुमेहामुळे तुमचं काय करायचं राहून गेलं?’ यावर आजी सांगतील, लांबच्या प्रवासात सुई कुठे टोचायची, या काळजीनं त्यांनी बहिणीकडे जाणंच सोडलंय.