गोळ्यांनंतरचा रक्तस्राव: अपेक्षित कोणता, धोक्याचा कोणता

गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यावर अंगावरून जातंच. त्यासाठीच त्या दिलेल्या असतात. तरीही इथे दोन उलट चुका होतात. कुणी अपेक्षित रक्तस्रावाला घाबरून दवाखान्यात धावते आणि गरज नसताना तिची पिशवी साफ केली जाते. कुणी खरोखरचा अतिरक्तस्राव ‘गोळ्यांनी असं होतंच’ म्हणत रात्रभर अंगावर काढते. ही दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

आधी अपेक्षित काय ते पाहू. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, 200 मिलिग्रॅम. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती थांबवते. तिच्यानंतर बहुतेकींना फारसं काही जाणवत नाही. 24 ते 48 तासांनी मिसोप्रोस्टॉल घेतलं की गर्भाशय आकुंचन पावू लागतं आणि काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. तो पाळीपेक्षा जास्त असतो, गाठीही पडतात. गर्भ पडेपर्यंतचे काही तास सर्वांत जोराचे. मग ओघ उतरतो आणि कळाही सैल पडतात. पुढे दोन आठवडे थोडंथोडं जात राहणं, कधी पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसणं, हेही अपेक्षितच. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या दिवशी हुडहुडी, थोडा ताप, मळमळ किंवा जुलाब होतात. तो औषधाचा परिणाम, संसर्ग नव्हे.

धोका ओळखण्याचं माप साधं आहे. जाड पॅड एका तासात दोन किंवा त्याहून जास्त पूर्ण भिजले आणि सलग दोन तास असंच चाललं, तर तिसऱ्या तासाची वाट पाहू नये. पॅड भिजला म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. डाग पडलेला पॅड मोजायचा नाही. चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी यांतलं काही असेल तर पॅड मोजत बसूच नका. 108 ला फोन करा आणि जिथे रक्त मिळू शकेल अशा रुग्णालयात जा. असं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गर्भाचा काही भाग आत राहिलेला असतो. त्यामुळे गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. रक्त चढवावं लागण्याची वेळ शंभरात एकीवरही येत नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. मुळातच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला इतरांपेक्षा कमी रक्त गेलं तरी भोवतं. म्हणून गोळ्यांआधी हिमोग्लोबिन तपासणं ही औपचारिकता समजू नये.

ओघाइतकीच त्याची दिशाही महत्त्वाची. अपेक्षित रक्तस्राव एखाद्या दिवशी थोडा वाढला तरी एकूण उतरत जातो. जवळजवळ थांबलेलं पुन्हा जोरात सुरू झालं, स्रावाला घाण वास आला, ओटीपोट दाबल्यावर दुखू लागलं किंवा ताप 24 तासांहून जास्त राहिला, तर संसर्गाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. क्वचित गंभीर संसर्गात ताप येतही नाही. फक्त कमालीचा अशक्तपणा आणि जलद नाडी असते.

सोनोग्राफीबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. गोळ्यांनंतर लगेचच्या दिवसांत केली तर आत रक्ताच्या गाठी दिसणारच. रिपोर्टात ‘थोडं राहिलंय’ असं आलं म्हणून लगेच क्युरेटिंग (पिशवी खरवडून साफ करणं) करून घेऊ नका. बाईची तब्येत ठीक असेल आणि रक्तस्राव उतरत असेल, तर बहुतेकदा ते आपोआप पडून जातं. खरंच अर्धवट राहिलं असेल तर मिसोप्रोस्टॉलचा आणखी एक डोस किंवा व्हॅक्यूमने (शोषून) पिशवी रिकामी करणं, असे मार्ग आहेत. जागतिक आरोग्य संघटना धारदार उपकरणाने खरवडण्याची जुनी पद्धत टाळायला सांगते. लघवीची प्रेग्नन्सी टेस्टही गर्भपात पूर्ण झाल्यावर काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून घाबरू नये.

रक्त कमी गेलं म्हणजे सगळं सुखरूप झालं, हा समज मात्र सर्वांत फसवा. मिसोप्रोस्टॉलनंतर 24 तासांत काहीच गेलं नाही किंवा नुसते डाग पडले, तर गर्भ वाढत राहिलेला असू शकतो. मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवायला हवं. किंवा गर्भ पिशवीत नसून नळीत असेल. तिथे या गोळ्या काम करत नाहीत. नळी फुटली तर रक्त पोटात साचतं, बाहेर जेमतेम दिसतं. एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, भोवळ अशी लक्षणं असतील तर पॅड कोरडा असला तरी धावतच रुग्णालयात जायचं. मेडिकलमधून परस्पर या गोळ्यांचं किट घेण्यातला मोठा धोका हाच: गर्भ कुठे आहे आणि किती दिवसांचा आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. भारतात हे किट शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 63 दिवसांपर्यंतच वापरायला मंजुरी आहे. दिवस जास्त झालेले असतील तर रक्तस्रावही जास्त होतो.

रुग्णालयात गेल्यावर गोळ्या घेतल्याचं लपवू नका. कोणती गोळी, किती वाजता, शेवटची पाळी कधी, हे कळलं की उपचार लवकर सुरू होतात. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख डॉक्टरांनी उघड करू नये, असं 2021 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो. अपवाद फक्त कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीचा. सासरच्यांसमोर बोलायची भीती वाटत असेल तर ‘मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय’ असं नर्सताईंना सांगा.