तांबं थंड केलं की अतिवाहक होतं का?

‘तांबं-चांदी विजेचे सर्वोत्तम वाहक, म्हणून पुरेशी थंड केली की त्यांचा रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) शून्य होतो, म्हणजेच ती अतिवाहक होतात’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकताना पटतो, पण तसं घडत नाही.

तांबं थंड होताना रोध घटतो, हे खरं. मात्र काही केल्विनपाशी (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस) रोधाचा आलेख सपाट होतो आणि अशुद्धी व स्फटिकातले दोष यांमुळे थोडा रोध उरतोच. उलट शिसं, जे तांब्यापेक्षा कितीतरी कमी प्रतीचं वाहक, ७.२ केल्विनला (उणे २६६ अंश सेल्सिअस) एकदम शून्य रोधावर येतं.

यामागचं कारण फार सुंदर आहे. शिशातल्या ज्या अणुकंपनांमुळे इलेक्ट्रॉन अडखळतात, त्यांच्याच मदतीने कडाक्याच्या थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात, आणि त्या रोधाविना वाहतात. तांब्यात कंपनं आणि इलेक्ट्रॉन यांच्यातला हा संबंध क्षीण आहे. म्हणून ते वाहक उत्तम, पण जोड्या जुळत नाहीत.

इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं काळं सिरॅमिक याहून नवलाचं. १९८७ मध्ये ते ९३ केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं हे दिसलं. त्यातला ऑक्सिजन पुरेसा कमी केला, तर तेच विद्युतरोधक बनतं! इथे नुसत्या कंपनांनी हिशेब लागत नाही. इलेक्ट्रॉनांमधलं तीव्र प्रतिकर्षण मोलाचं ठरतं.

पडताळा कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली घेता येतो. या सिरॅमिकची वडी आणि लांब, बारीक तांब्याची तार द्रव नायट्रोजनमध्ये (७७ केल्विन) बुडवायची. प्रत्येकाला जोडलेल्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज मोजायचं. वडीवरचं व्होल्टेज शून्यावर येतं. तांब्याचं सातव्या-आठव्या हिश्शापर्यंत उतरतं आणि तिथेच थांबतं.