उपग्रह दिशादर्शन रिसीव्हरमधील व्यत्यय-निवारण

उपग्रहांच्या सिग्नलवरून स्थान आणि वेळ काढणाऱ्या रिसीव्हरमध्ये परक्या रेडिओ लहरींमुळे येणारा अडथळा कमी करण्याचे तंत्र. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू, नाविक या सगळ्याच प्रणालींना त्याची गरज भासते, कारण हे सिग्नल कमालीचे क्षीण असतात. जीपीएसचा उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर असतो. त्याचा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तो उणे १२८ डीबीएमच्या (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती) आसपास, म्हणजे रिसीव्हरच्या स्वतःच्या उष्णताजन्य गोंगाटाच्याही खाली.

तरीही तो सापडतो, कारण १०२३ चिप्सचा (संकेताच्या छोट्या तुकड्यांचा), दर मिलिसेकंदाला पुन्हा येणारा संकेतक्रम रिसीव्हरला आधीच ठाऊक असतो. त्या क्रमाशी गुणाकार केला की उपग्रहाचा सिग्नल एकवटतो आणि परकी, अरुंद पट्ट्यातली लहर पसरून पातळ होते. हे संरक्षण आयतेच मिळते. पण परकी लहर फार जोरदार असेल तर अँटेनालगतचा अ‍ॅम्प्लिफायर आधीच संपृक्त होतो (त्याची क्षमता संपते), आणि तिथे हरवलेला सिग्नल पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून खरी लढाई अँटेनापाशीच लढावी लागते. शेजारच्या पट्ट्यातली लहर अडवायला अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी फिल्टर बसवतात. मात्र फिल्टरमध्ये जितके डेसिबल खर्ची पडतात, जवळजवळ तितकीच रिसीव्हरची संवेदनशीलता घटते. मधला मार्ग म्हणून पुष्कळदा आधी सौम्य फिल्टर, मग अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यानंतर कडक फिल्टर अशी मांडणी करतात.

व्यत्यय सिग्नलच्याच पट्ट्यात असला तर हे फिल्टर निरुपयोगी. एकाच कंप्रतेवर अडून बसलेली लहर नॉच फिल्टरने (तेवढीच कंप्रता गाळणाऱ्या फिल्टरने) कापता येते. विमानांच्या अंतरमापक यंत्रणेचे स्पंद दिशादर्शन सिग्नलच्याच दुसऱ्या, ११७६.४५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात घुसतात. ते येतात तेवढे क्षणच रिसीव्हर येणारा सिग्नल शून्य धरतो. पट्टाभर झपाट्याने सरकणाऱ्या जॅमरचा (मुद्दाम व्यत्यय आणणाऱ्या यंत्राचा) पाठलाग मात्र कठीण असतो. त्यावर सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे अनेक घटकांचा अँटेना: सात घटक असतील तर तत्त्वतः सहा दिशांकडे बहिरेपण आणता येते. किंमत, आकार आणि वजन यांमुळे तो मोबाइलमध्ये मावत नाही.

निदानाची एक खूण उपयोगी आहे. एकाच बाजूचे उपग्रह कमजोर दिसले तर बहुधा इमारत किंवा झाड आड आलेले असते. मोकळ्या आकाशाखाली सगळेच एकदम घसरले तर व्यत्ययाचा संशय घ्यावा. आधी स्वतःच्याच उपकरणातले प्रोसेसर, केबल आणि वीजपुरवठा तपासावेत, कारण शत्रू अनेकदा घरातच असतो.

उगम दूरचा असेल तर तो शोधून बंद करण्याला पर्याय नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात जीपीएस वारंवार बंद पडत होते. शोधाअंती दोषी ठरले ते बोटींवरच्या टीव्ही अँटेनांचे अ‍ॅम्प्लिफायर. त्यांत बिघाड होऊन ते थेट जीपीएसच्या पट्ट्यातच प्रक्षेपण करत होते.