नेट बंद, टायपिंग चालू

"बोलून टाइप करायचं तर नेट लागतंच" असे चांगली शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. फोनच्या कीबोर्डवरचा माइक वर्षानुवर्षे तसाच चालत आला, त्यामुळे समज पक्का झाला: आपला आवाज कुठल्यातरी सर्व्हरवर जातो, तिथे त्याचा मजकूर होतो आणि तो परत येतो. समज निराधार नाही, पण शिळा झाला आहे. संगणकावर 'हँडी' नावाचे फुकट, ओपन सोर्स ॲप टाका, राउटर बंद करा, ठरवलेली कळ दाबून धरा आणि बोला. कळ सोडली की थोड्याच वेळात, कर्सर असेल तिथे, मजकूर उमटतो. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर. नेट लागते ते एकदाच, मॉडेलची, म्हणजे आवाजाचा मजकूर करायला शिकलेल्या प्रोग्रामची, फाइल उतरवून घ्यायला.

हँडी हे खरे तर वरचे टरफल. आतला गर म्हणजे 'व्हिस्पर' हे मॉडेल. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने ते सप्टेंबर २०२२ मध्ये एमआयटी परवान्याखाली (कोणीही वापरा, बदला) खुले केले. त्यानंतर काही आठवड्यांतच जॉर्जी गेरगानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने ते सी आणि सी++ या संगणकभाषांत नव्याने लिहून काढले, आणि महागडे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही ते पळू लागले. डेस्कटॉपवरच्या अनेक मोफत श्रुतलेखन ॲपांच्या पोटात आज हेच इंजिन आहे. ॲपची तारीफ इथेच थांबवतो, कारण मला सांगायचे आहे ते वेगळेच. हा संगणक तुमचे बोलणे 'ऐकत' नाही. तो त्याचे चित्र काढतो आणि चित्र वाचतो.

माइकचा पडदा हवेच्या दाबाबरोबर थरथरतो आणि व्हिस्परसाठी हा दाब सेकंदाला १६,००० वेळा मोजला जातो. जेवढी वारंवारता पकडायची, तिच्या निदान दुप्पट वेळा मोजावे लागते, म्हणजे इथे ८,००० हर्ट्झपर्यंतचा (सेकंदाला ८,००० कंपनांपर्यंतचा) आवाज हाती लागतो. तरुण कानाला २०,००० पर्यंत ऐकू येते, पण बोलणे ओळखायला ८,००० पुरतात. जुन्या टेलिफोनला तेवढेही मिळत नसे. त्याचा पट्टा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. 'स'च्या फुत्काराचा जोर ४,०००च्या वर असतो, तो तारेतच गळून जाई. फोनवर पॅन नंबर सांगताना 'एस' की 'एफ' यावरून होणाऱ्या घोळाचे मूळ इथे आहे.

३० सेकंद बोललात तर ४,८०,००० आकडे जमतात. त्या रांगेकडे नुसते बघून काही कळत नाही. एकच 'आ' दोनदा म्हणा, आकडे जुळणार नाहीत. इथे कामाला येते ते फ्रेंच गणिती जोसेफ फूरियेचे गणित: कितीही गुंतागुंतीची लाट घ्या, ती साध्या लाटांच्या बेरजेत उकलता येते. याचा पुरावा गाण्याच्या प्रत्येक मैफलीत मागे बसलेला असतो. तानपुऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी सुरेल जुळलेल्या तानपुऱ्यातून गंधार ऐकू येतो. कारण १३० हर्ट्झच्या षड्जाची तार केवळ १३०ने कापत नाही. ती २६०, ३९०, ५२०, ६५० अशा पटींतही कापते, आणि पाचवी पट, ६५०, म्हणजेच गंधार. कान नकळत ही उकल करतो. फूरियेचे गणित तीच आकड्यांनी करते.

आपल्या स्वरतंतूंतूनही असाच पटींचा जुडगा निघतो. घसा आणि तोंडाची पोकळी त्यातल्या काही पटींना उचलून धरते, काहींना दाबते. मोठ्या पुरुषाच्या आवाजात 'आ' म्हणताना साधारण ७०० आणि १,२०० हर्ट्झच्या आसपास उठाव येतो. 'ई' म्हणताना तो सरकून ३०० आणि २,३००च्या आसपास जातो. जीभ कुठे आहे आणि जबडा किती उघडा आहे, ते या दोन उठावांवरून वाचता येते. लता गाते की बाजूच्या घरातले काका, 'आ' हा 'आ' म्हणून ओळखू येतो तो यामुळे.

आता चित्र. प्रोग्राम आवाजाचा २५ मिलिसेकंदांचा तुकडा घेतो, त्यातली प्रत्येक वारंवारता किती जोरात आहे ते काढतो आणि त्याची एक उभी पट्टी रंगवतो. मग १० मिलिसेकंद पुढे सरकून पुन्हा तेच. सेकंदाला १०० पट्ट्या, ३० सेकंदांना ३,०००. प्रत्येक पट्टीत ८० घरे (नव्या मोठ्या मॉडेलात १२८), पण घरे सारख्या रुंदीची नाहीत: खाली दाट, वर विरळ. हार्मोनियमवर १०० वरून २०० हर्ट्झवर जायला अख्खे सप्तक चढावे लागते. ७,००० वरून ७,१०० वर गेल्याचे मात्र कानाला जेमतेम कळते. कानाच्या या पक्षपाताला धरून केलेल्या मोजपट्टीला 'मेल' म्हणतात, ती १९३७ची. शेवटी प्रत्येक घरातल्या जोराचा लॉगॅरिदम घेतात, कारण आवाजाची मोठाईही कान पटींनीच मोजतो. हातात येतो ८० बाय ३,०००चा एक करड्या रंगाचा तक्ता.

या तक्त्यात मराठी पाहणे हा माझा आवडता उद्योग आहे. 'कार', 'खार' आणि 'गार' हे तीन शब्द घ्या. पुढचा 'आर' तिन्हींत जवळपास सारखाच. 'क'साठी जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, हवा अडते आणि तक्त्यात कोरी जागा दिसते, म्हणजे चक्क शांतता. मग एक बारीक उभी रेघ, हवा फुटल्याची. त्यानंतर दोन-तीन पट्ट्यांतच स्वरतंतू सुरू होतात. 'ख'मध्ये कोरी जागा तीच, रेघही तीच, पण स्वर सुरू व्हायला आठ-दहा पट्ट्या लागतात. मधल्या जागेत नुसता श्वासाचा धुरकट पट्टा. आणि 'ग'मध्ये ती 'कोरी' जागा कोरी नसतेच. तळाशी एक आडवा काळा पट्टा चालू असतो, कारण तोंड बंद असले तरी स्वरतंतू कापत असतात. महाप्राण म्हणून शाळेत जे घोकले ते इथे मोजता येते: 'क' आणि 'ख'मधला फरक मिलिसेकंद ५० ते ७०, बस्स.

'ॐ म्हटले की श्रीयंत्र उमटते' असा फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो, सोबत सुबक चित्र. आवाजाचे खरे चित्र कोणालाही फुकटात काढता येते. ऑडॅसिटी या फुकट ध्वनी-प्रोग्राममध्ये ॐ रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वरच्यासारखाच तक्ता, बघा. एका स्वराचे उठाव हळूहळू मिटत जातात आणि ओठ मिटल्यावर उरतो खालचा अनुनासिक पट्टा. 'होम' म्हटले तरी शेवट असाच दिसतो. त्रिकोण नाहीत.

तक्ता तयार झाला की तो न्यूरल नेटवर्कच्या दोन भागांतून जातो. एन्कोडर पट्ट्या दोन-दोनच्या हिशेबाने जवळ आणून १,५०० स्थानांत मांडतो, आणि प्रत्येक स्थानाला इतर सर्व स्थानांकडे बघून आपला अर्थ ठरवायला लावतो. डीकोडर मजकुराचा एकेक तुकडा लिहितो. लिहिताना तो एका डोळ्याने तक्त्याकडे पाहतो, दुसऱ्याने आतापर्यंत स्वतः लिहिलेल्या मजकुराकडे. दुसरा डोळा चैनीचा नाही. 'दिन' आणि 'दीन' बोलण्यात सारखेच येतात, तक्त्यावरून निवाडा होत नाही. आधी 'स्वातंत्र्य' लिहून झाले आहे की 'गरीब', त्यावर ऱ्हस्व-दीर्घ ठरते.

गडबडही याच दुसऱ्या डोळ्यामुळे होते. माइक चालू ठेवून गप्प बसलात तर पहिल्या डोळ्याला काही दिसत नाही आणि दुसरा आपल्या मनाने लिहीत सुटतो. व्हिस्पर शांततेत 'पाहिल्याबद्दल धन्यवाद' छापाची वाक्ये टाकते ते याचमुळे. इंटरनेटवरच्या सबटायटल्सचे हे संस्कार. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासले तेव्हा सुमारे १ टक्का ध्वनिफितींच्या मजकुरात कोणीच न बोललेली वाक्ये सापडली. डॉक्टरने सांगितलेल्या औषधांच्या नोंदीत असे एक वाक्य घुसले तर काय, हे सांगायला नको. 'एआयला आता सगळं समजतं' म्हणणाऱ्यांनी पाच मिनिटे माइकसमोर गप्प बसून पाहावे. हँडीसारखी ॲप म्हणून आधी एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवतात. तो फक्त 'इथे कोणी बोलतंय का' एवढेच ठरवतो आणि शांततेचे तुकडे कापून टाकतो.

मराठीचा हिशेब थोडा कडू आहे. पहिले व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर शिकले. इंग्रजी सोडून उरलेल्या ९६ भाषांना मिळून त्यातले १,१७,००० तास आले, आणि त्यात मराठीचा वाटा नगण्य. शिवाय मजकूर बाइटच्या तुकड्यांत लिहिला जातो, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. 'नमस्कार'मध्ये (काना आणि 'स'चा मोडलेला पाय धरून) सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट. इंग्रजी 'हॅलो' ५ बाइटांत आटपतो. त्यामुळे मराठी लिहायला डीकोडरला जास्त पावले टाकावी लागतात, आणि जितकी पावले जास्त तितका वेळ आणि चुकाही जास्त. लहान मॉडेल मराठीसाठी घेऊच नये. 'लार्ज' या मोठ्या मॉडेलात १५५ कोटी आकडे आहेत, म्हणजे शिकताना ठरलेली त्याची सगळी 'अक्कल'. प्रत्येकी २ बाइट धरले तर ३ जीबी. तेच आकडे ५-५ बिटांत दाटून बसवले की फाइल १ जीबीच्या आसपास येते आणि अचूकता फारशी ढळत नाही. मशीन जुने असेल तर 'टर्बो' ही हलकी आवृत्ती घ्या: त्यात डीकोडरचे ३२ थर छाटून ४ केले आहेत. भाषा 'ऑटो'वर सोडू नका, मराठी निवडा, नाहीतर छोटे वाक्य हिंदी समजले जाण्याचा धोका राहतो. हँडीत 'पॅराकीट' नावाचे वेगवान मॉडेलही दिसेल. ते युरोपीय भाषांचे, आपल्या उपयोगाचे नाही.

'ओपन सोर्स' या शिक्क्याबद्दलही थोडे हात राखून बोलावे. ॲपचा कोड उघडा आहे, ध्वनी बाहेर जात नाही हे वाचून पडताळता येते, आणि वकिलाला किंवा डॉक्टरला एवढे पुष्कळ झाले. मॉडेलचे आकडेही खुले आहेत. ज्या ६,८०,००० तासांवर ते शिकले, ते मात्र ओपनएआयने खुले केलेले नाहीत.

तरी आकडे खुले असल्याचा फायदा मद्रास आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' गटाने घेतला. त्यांनी व्हिस्परला मराठीसह १२ भारतीय भाषांच्या ध्वनीवर पुन्हा शिकवून 'इंडिकव्हिस्पर' तयार केले. ही फाइल गेरगानोव्हच्या इंजिनाला चालेल अशा साच्यात बदलायची स्क्रिप्ट गेरगानोव्हच्या प्रकल्पातच ठेवलेली आहे. कमांड लाइनला न बिचकणाऱ्या कोणाची एक संध्याकाळ त्यात जाईल.