ठिणगी पडते ती तुटताना

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वडिलांची पद्मिनी बाहेर काढायला गेलो. सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पेट घेईना. चार महिने गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि कोल्हापूरचा पाऊस सोसताना भिंतींनाही बुरशी धरते. मी शहाणपणा करून चारही प्लग नवे घातले. फरक शून्य. शेवटी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीमामांना घरी आणलं.

त्यांनी प्लगकडं बघितलंही नाही. कॉइलमधून येणारी जाड वायर डेलकोच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाच्या, टोपणातून उपटली, कोरड्या फडक्याच्या जाड घडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर नेलं आणि म्हणाले, "मारा सेल्फ." ठिणगी नाहीच. "करंटच न्हाई दादा. प्लग बदलून काय हुतंय?"

इंजिनातलं पेट्रोल पेटतं ते प्लगच्या टोकाच्या फटीत पडणाऱ्या ठिणगीनं. पण बॅटरी असते १२ व्होल्टची. साध्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायलाच सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमधल्या दाबलेल्या वायूत त्याहून जास्त. ही दरी भरून काढते ती कॉइल. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या जवळपास शंभरपट. जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह गेला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पण प्रवाह नुसता वाहत राहिला तर ठिणगी पडत नाही. ती पडते प्रवाह तुटताना. क्षेत्र किती मोठं आहे यापेक्षा ते किती झपाट्यानं बदलतं यावर व्होल्टेज ठरतं, हे मायकेल फॅरेडेच्या १८३१ च्या प्रयोगांतून पुढं आलं.

नदीवरून उसाला पाणी उचलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटर चालू असताना पाइप शांत असतो. वीज गेली की वॉल्व्ह धाडकन आपटतो आणि सगळी लाइन हादरते. वाहतं पाणी एकदम अडलं की दणका देतं. कॉइलमधल्या प्रवाहाचंही तसंच.

तोडायचं काम डेलकोतले पॉइंट, म्हणजे मिटणारी-उघडणारी दोन टोकं, करतात. गाडीच्या कागदपत्रांत त्या भागाला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, गॅरेजात मात्र डेलकोच. डेलको ही मुळात चार्ल्स केटरिंग यांनी एका भागीदाराबरोबर १९०९ मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावात काढलेली कंपनी. पॉइंट-कॉइलची ही रचना तिनंच मोटारीत रुळवली. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतं, तेव्हा हे इवलेसे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात.

मामांनी खिशातून टेस्ट लॅम्प काढला: १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. एक बॉडीला, दुसरी कॉइलच्या डेलकोकडच्या टोकाला. सेल्फ मारल्यावर दिवा लुकलुकायला हवा. पॉइंट मिटले की तिथला प्रवाह थेट बॉडीत उतरतो आणि दिवा विझतो. उघडले की दिव्यातून जातो. दिवा पेटतच नसेल तर कॉइलपर्यंत करंट येत नाही, कॉइलची जाड तार तुटली आहे किंवा डेलकोत कुठंतरी वायर बॉडीला टेकली आहे. आमचा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. म्हणजे पॉइंट मिटत असले, तरी त्यांच्यातून वीज जात नव्हती.

टोपण काढलं. पॉइंटच्या टोकांना टंगस्टन असतं आणि दमट हवेत उभ्या गाडीत त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. डोळ्याला दिसेल न दिसेल असा, पण १२ व्होल्टला अडवायला पुरेसा. मामांनी बारीक पॉलिश पेपर फिरवला, फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून फट ०.४ मिलिमीटरच्या थोडी वर ठेवली. काहीजण करवतीचं पातं घालून भागवतात, ते ०.६ च्या आसपास भरतं, म्हणजे जरा जास्तच.

आता ठिणगी आली, पण पिवळी, मरतुकडी. आणि पॉइंटवर मात्र चांगली चटचट. मामांनी लगेच कंडेन्सर बदलला. अंगठ्याच्या पेराएवढी ही डबी, क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरॅड. पॉइंट उघडताना थांबायला तयार नसलेला प्रवाह त्या फटीतूनच उडी मारतो, म्हणजे तुटायला वेळ लावतो. कंडेन्सर तेवढा क्षण तो आपल्यात सामावून घेतो, म्हणून तोडणी झटक्यात होते. कंडेन्सर मेला की ठिणगी पॉइंटवरच खर्च होते, प्लगला उरते ती उष्टी.

"आता मारा." वायरीच्या टोकातून निळी ठिणगी चट्चट् वाजली. वायर टोपणात बसवून पुन्हा सेल्फ मारला आणि दुसऱ्या फेरीला इंजिननं पेट घेतला.

जाताना मामांनी टोपण फडक्यानं आतून पुसून बसवलं. आत ओल राहिली तर वीज त्यावरूनच वाट काढते आणि बेकेलाइटवर कोळशाची बारीक रेघ कायमची उमटते. मग बजावलं, "उद्या पूजेला बॉनेट उघडून नारळ फोडू नगा. पाणी डेलकोवर गेलं तर मला परत यायला लागंल, आन् उद्या आमचं गॅरेज बंद हाय."