आच्छादन की कंपोस्ट? बागेतल्या पाल्याचं काय करायचं

फाल्गुनात नागपूरचे कडुनिंब, साग, पिंपळ पाला गाळतात आणि बागांच्या कोपऱ्यांत ढीग लागतात. तो जाळायचा नाही. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे. बागेचा पाला बागेतच जिरवावा, हे आता पुष्कळांना पटलंय. पण आच्छादन आणि कंपोस्ट यांत मात्र गल्लत होते.

आच्छादन म्हणजे मातीवरचं पांघरूण. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या घरात जातो, काळ्या मातीला भेगा पडतात आणि उरलासुरला ओलावाही त्यांतून उडून जातो. पाल्याचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर असला की माती थंड राहते, पाणी कमी लागतं, तणही दबतं. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल ओली राहून कुजते. हा पाला मातीत मिसळायचा नाही. त्यात कार्बन फार, नत्र कमी. तो कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि रोपं पिवळी पडतात.

कंपोस्ट मात्र आधीच कुजलेलं असतं, म्हणून ते मातीत मिसळायचं. उन्हात वर नुसतं पसरलं तर सुकून जातं. ते बनवायला कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण ३०:१ लागतं. नुसत्या सुक्या पाल्यात कार्बन याहून बराच जास्त, म्हणून त्याचा ढीग महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो. लॉनचं कापलेलं हिरवं गवत नत्राची ही कसर भरून काढतं. मीटरभर उंच, ओलसर ढिगाचा गाभा ५५ अंशांच्या वर तापला की तणाचं बहुतेक बी मरतं; मात्र ढीग अधूनमधून उलटावा लागतो, म्हणजे कडेचा मालही आत जातो.

आपल्याकडची खरी अडचण वेळेची आहे. पाला मिळतो फाल्गुनात, हिरवं गवत आषाढ-श्रावणात. मे महिन्यात ढीग लावून त्यावर पाणी ओतत बसणं मला तरी पटत नाही. ते पाणी झाडांच्या हक्काचं आहे. आधी झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी पाल्याने झाका. उरलेला पाला जाळीच्या कुंपणात साठवा आणि पावसाळ्यात गवताबरोबर थर देऊन लावा. आळ्यातलं आच्छादन काढायची गरज नाही, पावसात ते खालून आपसूक मातीत मुरतं.

ढीग उलटल्यावर पुन्हा तापला नाही, पानं ओळखू आली नाहीत आणि पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला, की कंपोस्ट तयार झालं.