हेड गॅस्केट घरी बदलणार असाल तर पाकीट फोडण्याआधी हे वाचा

उन्हाळा लागला की आमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये बसणाऱ्या सीलची, विचारणा वाढते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात, गाडीत माणसं खच्चून भरलेली, एसी चालू आणि समोर कन्नडचा घाट. अशात रेडिएटरमध्ये पाणी कमी असलं की इंजिन तापणारच. तापलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट दबून राहत नाही. म्हणजे गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. आधी पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप नाहीतर रेडिएटर गेलेला असतो. तो दोष न शोधता नवं गॅस्केट टाकलंत, तर पुन्हा आमच्याकडेच याल. आमचा धंदा होईल, पण आम्हाला तो नको.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, कुठेही गळती नसताना कमी होणारं कूलंट, चालू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही लक्षणं. नुसता झाकणाखालचा फेस पाहून हेड खोलू नका. थंडीत थोड्या अंतरावर फिरणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते.

खोलणं त्यामानाने सोपं आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात घाला, टायमिंगच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ दाखवणाऱ्या) खुणांचे फोटो काढा, हेड बोल्ट बाहेरून मध्याकडे थोडे थोडे सैल करा. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हेडवर एमरी किंवा वायर ब्रश फिरवू नका. ओरखडे पडतात आणि ती भुकटी ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते. प्लॅस्टिकची पट्टी आणि क्लीनर पुरे. मग सरळ स्टीलची पट्टी हेडवर उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिमीच्या आसपासच वाकण्याची मर्यादा असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. पातं त्याहून जास्त शिरलं तर हेड मशीन शॉपमध्ये फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, टाका. "चालून जाईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना दाबाने ब्लॉक तडकू शकतो. आवळायचं मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), अंदाजाने नाही. बऱ्याच गाड्यांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणून गॅस्केटसोबत बोल्टही विचारा. कंपनीने सांगितलं नसेल तर गॅस्केटला सिलिकॉन फासू नका.

टायमिंग चुकलं तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. या कामाला हात बसलेला नसेल, तर तेवढ्यापुरता फिटर बोलवा.

शेवटी ऑइल, फिल्टर नवीन. कूलंटमध्ये बोअरचं पाणी नको, आपल्याकडचा क्षार आत थर धरतो. डिस्टिल्ड वॉटरच घ्या आणि हवा काढायला विसरू नका.

दुकानात येताना चेसिस नंबर आणि जुनं गॅस्केट आणा. डिझेल गाड्यांत जाडीनुसार गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा भोकं असतात, त्या पाहूनच आम्ही माल देतो. पाकीट फोडलेलं गॅस्केट परत घेतलं जात नाही.